ताटाची डावी बाजू

डॉक्टरांनी माझ्यापुढे कागद ठेवला, त्यावर एक मोठा गोल काढला आणि म्हणाले, "आजी, याचं घड्याळ करा. सगळे आकडे भरा."

मला रागच आला. एक तर मी अजून कुणाची आजी नाही, एकसष्ट वर्षांची आहे. दुसरं म्हणजे जिनं एवढी वर्षं सकाळ-संध्याकाळ वेळेवर पानं वाढली, तिला घड्याळ काढायला सांगायचं म्हणजे काय! पण दवाखान्यात कुणाचं चालतं? मी पेन घेतलं आणि बारा आकडे भरले. एकही गाळला नाही. कागद परत देताना शेजारी बसलेल्या सुनेकडे, सारिकाकडे, जरा तोऱ्यातच पाहिलं. ती त्या दिवशी नेमकी माझ्या उजव्या हाताला बसली होती.

डॉक्टरांनी कागद फिरवून तिच्यापुढे धरला. ती बघत राहिली आणि एकदम रडायला लागली. मला वाटलं, माझं घड्याळ चांगलं आलं म्हणून बिचारीला भरून आलं.

तो कागद मी जपून ठेवला आहे. त्यात बाराच्या बारा आकडे उजव्या अर्ध्या गोलात एकमेकांच्या अंगावर चढलेत आणि डावा अर्धा गोल कोरा आहे. पण हे मला महिन्याभरानं दिसलं. त्या दिवशी माझ्या लेखी घड्याळ पुरं होतं.

"याला लेफ्ट निग्लेक्ट म्हणतात," डॉक्टर म्हणाले. म्हणजे डाव्या बाजूचं भान जाणं. डोळे शाबूत, नजर शाबूत, पण डावीकडे काही आहे हे मेंदू धरतच नाही.

"म्हंजी आई मुद्दाम करत न्हवत्या?" सारिकानं विचारलं.

"काय मुद्दाम?" डॉक्टरांनी विचारलं.

 घरी सारिकाची बॅग भरून दाराशी ठेवलेली होती. दुपारी तिचा भाऊ शेवगावहून तिला न्यायला येणार होता. तिनं घर सोडायची वेळ माझ्यामुळे आली होती.

हे सगळं मी लिहायला बसले ते अशासाठी, की पॅरालिसिस म्हटलं की आपण हात आणि पाय बघतो. हात उचलतो का, पाय टाकतो का, बोलतो का. माझी जीभ तर पहिल्या दिवसापासून खणखणीत चालत होती, म्हणून सगळे म्हणाले, सुमनबाई वाचल्या. जे बिघडलं होतं ते कुणाला दिसलं नाही. मला तर नाहीच नाही.

सावेडीत आमची छोटी खानावळ आहे. नवरा गेल्यावर मी ती सुरू केली. जेवायला येतात त्यांना आम्ही मेंबर म्हणतो. नोकरीसाठी आलेली एकटी माणसं, कॉलेजची मुलं, असे. माझा तिथं एकच कडक नियम होता: पान डावीकडून वाढायचं. आधी मीठ, लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर. मग उजवीकडे भाजी, आमटी. भाजी-आमटी काय, हॉटेलवालासुद्धा देतो. डाव्या बाजूला वाढणाऱ्याचं मन कळतं. ज्याच्या पानात डावी बाजू रिकामी त्याला त्या घरात मान नाही, हे मी सासूकडून शिकले आणि सुनेला शिकवलं. नवी असताना सारिका एकदा एका पानात लिंबू विसरली, तर मी तिला सगळ्या मेंबरांदेखत बोलले होते. ती गोष्ट ती विसरली नव्हती आणि मीही नाही.

झटका आला त्या सकाळी मी भाकरी थापत होते. भाकरी परातीत फिरेना. एका अंगाला जाड, दुसऱ्या अंगाला फाटलेली. मी पिठाला दोष दिला, मग गिरणीवाल्याला दिला.

सारिका म्हणाली, "आई, तुमचं तोंड वाकडं झालंय."

मी म्हणाले, "तुझं बघ."

तेवढ्यात डावा हात परातीतून घसरला आणि मांडीवर पडला. हात माझा आहे असं मला वाटलंच नाही. कुणी तरी काहीतरी मांडीवर टाकलं असं वाटलं.

संतोष, माझा मुलगा, कामावर गेला होता. सारिकानं त्याला फोन केला, मग माझ्या थोरल्या बहिणीला, शेवगावच्या आक्काला. आक्का म्हणाली, "तिकडं पाथर्डीच्या अंगाला एक जण पाला देतो. लई गुण येतो. आधी तिकडं न्या."

"आक्का, आधी दवाखाना. पाला मागनं बघू," असं म्हणून सारिकानं फोन ठेवला आणि रिक्षा बोलावली.

एमआरआय काढला. त्यात मेंदूच्या उजव्या भागात इन्फार्क्ट दिसला. म्हणजे रक्ताच्या गुठळीनं नस तुंबली आणि त्या नसेवर पोसणारा भाग उपाशी राहिला. गुठळी विरघळवणारं औषध पहिल्या काही तासांतच देता येतं, आणि मी वेळेत पोचले होते. माझ्या सुनेनं त्या सकाळी आक्काचं ऐकलं असतं तर आज हे लिहायला मी नसते, निदान अशी तरी नसते. हे मी इथं एकदा नीट लिहून ठेवते.

दवाखान्यात नऊ दिवस होते. खाटेच्या उजवीकडे दार होतं आणि सलाईनचा स्टँड. येणारा-जाणारा उजवीकडून यायचा, तिथंच उभा राहायचा. डावीकडे खिडकी आणि भिंत, मधल्या चिंचोळ्या जागेत एक स्टूल. त्या स्टुलावर सारिका नऊ दिवस बसली. माझं तोंड पुसलं, कूस बदलली, लुळा हात उशीवर ठेवला.

आणि मी भेटायला आलेल्या आक्काला काय सांगितलं? "संतोष हाय बिचारा दिसभर. सून कुठं हाय देव जाणे."

आक्का म्हणे माझ्याकडे बघतच राहिली, कारण सारिका हातभर अंतरावर बसलेली होती. पण आक्कानं अर्थ असा काढला की सून नुसती बसते, करत काही नाही, म्हणून सुमी टोमणा मारते. आक्काला माझे टोमणे ओळखीचे आहेत. तिनं तो टोमणा शेवगावात चार घरी पोचवला.

घरी जाताना डॉक्टर संतोषला म्हणाले होते, "डाव्या बाजूकडे लक्ष कमी आहे, त्याकडे ध्यान ठेवा." त्याला वाटलं, डाव्या हाताचा व्यायाम चुकवू नका असं सांगतायत. तो रोज इमानेइतबारे माझा हात वरखाली करायचा. त्याचा दोष नाही. डॉक्टरांचं एक-एक वाक्य ऐकताना आपल्या कानात भीतीच जास्त वाजत असते. तुमच्यावर अशी वेळ आली तर डॉक्टरांना खुशाल पुन्हा विचारा, "म्हणजे घरी आम्हाला काय दिसेल?" हा प्रश्न आम्ही विचारला नाही.

घरी काय दिसलं ते सांगते. मी उजव्या बाजूचेच केस विंचरायची, डावी बाजू तशीच पिंजारलेली. पेपरातली बातमी अर्ध्यातून वाचायची आणि म्हणायची, हल्ली काहीही छापतात. दारातून जाताना डावा खांदा चौकटीला आपटायचा आणि मी म्हणायची, कुणी तरी धक्का दिला. हसू येतंय ना? मलाही आता येतं.

पण ताटाचं हसण्यावारी गेलं नाही.

पहिल्या दिवशी सारिकानं पान आणलं. भाजी होती, आमटी होती. चटणी नाही, लिंबू नाही, कोशिंबीर नाही. भाकरी तर अर्धीच. मी गप्प राहिले, म्हटलं दमली असेल. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. मग माझ्या डोक्यात उजेड पडला, म्हणजे मला तसं वाटलं. लिंबाचा जुना सूड! मी खाटेवर पडल्यावर, खानावळ तिच्या हातात गेल्यावर, ती मला माझ्याच घरात डावी बाजू न वाढलेलं पान देते आहे. मला मान नाही हे मला कळावं म्हणून.

मी तिला विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याच दिवशी निकाल लागला असता. पण अपमान झाला की आमच्या घराण्यातल्या बायका विचारत नाहीत, सांगत सुटतात. मी आक्काला फोन केला.

"मला वाटलंच हुतं," आक्का म्हणाली. "कानामागून आली न् तिखट झाली."

आक्काकडून ते सारिकाच्या माहेरी पोचायला दोन दिवससुद्धा लागले नाहीत. तिची आई रडली, भाऊ संतापला. म्हणाला, माझी बहीण सासूचं हागणंमुतणं काढते आणि वर उपाशी ठेवते म्हणून बोल खाते. तिला चार दिवस घेऊन येतो, पुढचं पुढं बघू. "पुढचं पुढं बघू" याचा अर्थ आमच्याकडे सगळ्यांना कळतो. संतोष दोघींच्या मध्ये तोंड शिवून बसला.

आता सारिकाची बाजू ऐका. ती मला नंतर कळली. ती रोज सगळं वाढत होती. कारळ्याची चटणी मला आवडते म्हणून खलबत्त्यात ताजी कुटत होती. आणि रोज पान परत यायचं तेव्हा डावी बाजू जशीच्या तशी, बोटसुद्धा न लावलेली. भाकरी मधोमध मोडलेली, उजवा अर्धा खाल्लेला, डावा तसाच. तिला वाटलं, सासू तिच्या हातचं टाकते. नेमकं तेच टाकते, ज्याच्यावरून एकदा सगळ्यांदेखत बोलली होती. तीही विचारत नव्हती. सासूच्याच तालमीत तयार झालेली.

त्या घड्याळाच्या दिवशी, म्हणजे घरी आल्यावरच्या पहिल्या तपासणीला, डॉक्टरांनी आम्हाला बराच वेळ दिला. म्हणाले, मेंदूचे दोन अर्धे. बहुतेक लोकांत बोलणं, वाचणं, शब्द हे डाव्या अर्ध्याकडे जास्त. ते तुमचं शाबूत आहे. ("ते दिसतंयच," सारिका डोळे पुसत म्हणाली.) उजव्याकडे जागेचं भान, कुठं काय आहे, दिशा, समोरच्याच्या आवाजातला सूर ओळखणं.

आमच्या शेजारणीनं मोबाईलवर आलेलं सांगितलं होतं की डावा मेंदू हिशेबी आणि उजवा कलावंत. मी तेही विचारून घेतलं. डॉक्टर हसले. "इतकी सरळ वाटणी नसते हो. दोघं मिळून संसार करतात. फक्त काही कामं एकाच्या हातची, काही दुसऱ्याच्या."

"मग डावीकडचंच का जातं?"

"समजा, शेताला दोन राखणदार आहेत. एक फक्त उजव्या बांधावर फिरतो. दुसरा दोन्ही बांधांवर फिरतो. पहिला आजारी पडला तरी दुसरा त्याची बाजू सांभाळून घेतो. पण दुसराच आजारी पडला तर डाव्या बांधावर कोण फिरणार? तुमचा तो दुसरा राखणदार आजारी आहे. आणि शेताला डावा बांध आहे, हेच पहिल्याला माहीत नाही. म्हणून तुम्हाला काही चुकतंय असं वाटतच नाही."

समजलं मला सगळं. पटलं मात्र काही नाही. हे या आजाराचं सगळ्यात वाईट लक्षण. ज्याचं हरवलंय त्याला हरवल्याचंच कळत नाही. रिक्षातून येताना मी मनात म्हणत होते, डॉक्टरलाही हिनं फितवलेलं दिसतंय.

घरी आलो तर विलास, सारिकाचा भाऊ, येऊन बसला होता. सारिकानं त्याला चहा दिला आणि जाण्याआधी माझं पान वाढून आणलं. मी पाहिलं आणि माझा तोल गेला.

"बघ विलास, तुझ्या बहिणीचं वाढणं! चटणी हाय का? लिंबू हाय का? भाकरी तरी आख्खी हाय का?"

विलासनं पानाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. त्याचा राग कुठल्या कुठे गेला. हळूच म्हणाला, "मावशी, समदं हाय की."

 सारिकानं माझ्यासमोर वाकून ताट धरलं आणि अर्धं फिरवलं.

चटणी आली. लिंबाची फोड आली. काकडीची कोशिंबीर, डॉक्टरांनी सांगितलं होतं म्हणून चिमूटभरच मीठ, आणि अर्धी भाकरी. भाजी आणि आमटी गायब झाली.

"हातचलाखी करती का गं?" मी म्हणाले. तिनं ताट परत फिरवलं. भाजी आली, चटणी गेली. पुन्हा फिरवलं. चटणी आली.

मला भीती वाटली. झटका आला तेव्हा वाटली नव्हती एवढी. मी चटणीला बोट लावलं आणि चाखून पाहिलं. कारळ्याची होती, ताजी.

"किती दिस वाढतीस ही?"

"रोजच की, आई. रोज तशीच माघारी येती. मला वाटलं, माझ्या हातचं तुमाला नकोसं झालंय."

मी रडले. मनापासून, विलासच्या देखत, लाज न बाळगता रडले. मला वाटलं, आता सारिका बॅग आत नेईल. तिनं माझं तोंड धुतलं, औषधं नीट लावून ठेवली आणि म्हणाली, "मी चार दिस जाऊन येते."

आणि गेली. आजाराला नाव मिळालं म्हणून दुखावलेलं मन त्याच घटकेला बरं होत नसतं. तिचं बरोबर होतं.

ती नव्हती तोवर खानावळ बंद राहिली. संतोष खिचडी करायचा आणि मी स्वतः ताट फिरवून जेवायची. दर वेळी डावी बाजू उगवायची आणि दर वेळी मला नऊ दिवसांचं ते स्टूल आठवायचं. पाचव्या दिवशी ती आली नाही. सहाव्या दिवशीही नाही. संतोष माझ्याशी बोलेना.

मग मी फोन घेतला आणि सारिकाच्या आईला लावला. मुलाची आई मुलीच्या आईला फोन करून चुकलं म्हणते, हे आमच्याकडे होत नाही. मी म्हणाले, "इहीणबाई, तुमची पोर मला सगळं वाढत हुती. माझंच डोस्कं अर्धं बंद पडलं हुतं. मी जिथं-जिथं वंगाळ बोलले, तिथं-तिथं फोन करून सांगितलंय. तुमाला सांगायचं तेवढं राह्यलं हुतं."

 मग त्या म्हणाल्या, "हात कसा हाय आता तुमचा?"

दुसऱ्या दिवशी सारिका आली. बॅग ठेवायच्या आधी तिनं माझ्या डाव्या मनगटात लाल दोरा बांधला. ऑक्युपेशनल थेरपिस्टनं, म्हणजे रोजची कामं पुन्हा करायला शिकवणाऱ्या मुलीनं, तो सांगितला होता. नियम साधा होता: काहीही बघायचं तर लाल दिसेपर्यंत मान डावीकडे वळवायची. ताटाच्या डाव्या कडेला लाल चिकटपट्टी, पुस्तकाच्या डाव्या कडेला लाल रेघ, दाराच्या डाव्या चौकटीलाही. यांच्याशी बोलायचं तर डावीकडे बसून बोला, असंही त्या मुलीनं घरच्यांना सांगितलं. तेव्हापासून सारिका माझ्या डावीकडे बसते.

ज्यांच्या घरी असा पेशंट असेल त्यांना माझं एवढंच सांगणं आहे: परत आलेलं ताट बघा. त्याच्याशी भांडायच्या आधी ताट बघा. आणि तुम्ही स्वतः पेशंट असाल तर घरच्यांवर, पटत नसलं तरी, विश्वास ठेवा. मला ते अजून जड जातं.

आठ महिने झाले. डावा हात परात धरण्याइतका आला आहे. भाकरी थोडी वाकडी होते, पण मेंबर खातात. दमले की डावी बाजू अजून निसटते. मग मी लाल शोधते.

गेल्या महिन्यात आक्काच्या नव्या खोल्यांची वास्तुशांत होती. शेवगावला सगळे जमले होते. टेबलांवर पंगत मांडली होती. मी बसले, सारिका माझ्या डावीकडे. आक्का हौसेनं स्वतः वाढत होती. माझं पान तिनं एवढं भरलं की जागा उरली नाही. मी मान वळवली, मनगटातला दोरा दिसला, माझी चटणी दिसली, लिंबू दिसलं. सवयीनं मान आणखी थोडी वळली आणि सारिकाचं पान दिसलं.

त्यात भाजी होती, आमटी होती. डावी बाजू रिकामी होती. सारिका खाली मान घालून बसली होती. आक्कानं मुद्दाम केलं की गडबडीत राहून गेलं, ते मी अजून विचारलेलं नाही.

मी मोठ्यानं हाक मारली. पंगतीतले सगळे थांबले.

"आक्के, माझ्या डाव्या अंगाला चटणी वाढायची राह्यलीय."

आक्का आली. माझ्या भरलेल्या पानाकडे तिनं पाहिलं, मग सारिकाच्या पानाकडे. तिनं मीठ वाढलं, लिंबू वाढलं, चटणी वाढली आणि कोशिंबीर जरा जास्तच वाढली.

"आई, जेवा आता," सारिका म्हणाली. "भाकरी गार व्हतीया."

मी भाकरी मोडली, डावीकडून.